पाष्टे बाईंची हजेरी

पाष्टे बाई रागावल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. चष्मा टेबलावर आला की वर्गातली मुलंही सरळ बसायची आणि स्टाफरूममधले आम्ही मास्तरही. मी कराडहून रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मला तो प्रकार पाहायला मिळाला.

मधल्या सुट्टीत चहाबरोबर रोज कोणीतरी काहीतरी खायला आणायचं. चित्रकलेचे सर कधीच काही आणायचे नाहीत. त्या दिवशी पीटीचे सर म्हणाले, "यांना आता वाळीत टाकायला पाहिजे." सगळे हसले, चित्रकलेचे सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. बाईंनी बशी खाली ठेवली आणि चष्मा काढला.

"शब्द मागे घ्या."

"अहो बाई, गंमत केली."

"हाकलून देऊ म्हणा. कान धरू म्हणा. त्यांचा डबा हिसकावून घेऊ म्हणा, मीपण येते हिसकावायला. हा शब्द गमतीचा नाही. मागे घ्या."

पीटीचे सर म्हणजे धिप्पाड गडी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि निमूटपणे शब्द मागे घेतला. बाईंनी चष्मा लावला, आपल्या डब्यातली घावणं त्यांच्यापुढे सरकवली आणि विषय संपला. बाई जरा विक्षिप्त दिसतात, असं मी मनात म्हटलं.

विक्षिप्त होत्याच. त्यांचा डबा कधी त्यांच्यापुढे नसायचा, टेबलाच्या मधोमध उघडा असायचा. पोट भरलंय ही सबब चालायची नाही. "घ्या हो. माझ्या हातचं खायचं नाही असं कोणी सांगून ठेवलंय काय तुम्हाला?" हे त्या हसून म्हणायच्या, पण समोरच्यानं घास तोंडात घालेपर्यंत नजर हटायची नाही.

हजेरीचंही तसंच. आम्ही सगळे नंबरावर हजेरी उरकायचो. बाई नंबर मानत नसत. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव घ्यायच्या आणि मान वर करून त्या मुलाकडे बघायच्या. तो 'हजर' म्हणाला की मग पुढचं नाव. कोणी आलेलं नसलं तर त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबायच्या आणि मग सावकाश म्हणायच्या, "गैरहजर." यात तासाचा चांगला मोठा तुकडा जायचा. मुख्याध्यापकांनी एकदा नंबर सुचवून पाहिले. "नाव घेतल्याशिवाय माणूस आलाय की नाही ते कळत नाही," असं म्हणत बाईंनी चष्म्याकडे हात नेला, तेव्हा मुख्याध्यापकांना दुसरं काम आठवलं.

आठवीच्या वर्गात मिरकरवाड्याचा सलीम होता. पहाटे बापाबरोबर बंदरावर मासळीच्या लिलावाला जायचा आणि तिथून शाळेत यायचा. साहजिकच कपड्यांना वास यायचा. वर्गानं ठरवलं, त्याच्याशी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, वही द्यायची नाही. ठरवणाऱ्यांत पुढे होता प्रकाश. हा बाईंच्याच गावचा, रत्नागिरीत मामाकडे राहून शिकणारा, हुशार, आणि बाईंचा लाडका. पंधरवडाभर हे चाललं होतं आणि बाईंना पत्ता नव्हता. कळलं तेव्हा त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हजेरीत त्यांनी प्रकाशचं नाव घेतलंच नाही. तो उभा राहून म्हणाला, "बाई, माझं राहिलं." बाईंनी ऐकलं नाही. कवितेचा अर्थ सांगायला त्यानं हात वर केला, तर बाई त्याच्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे बघत राहिल्या. शाळा सुटेपर्यंत पोरगा रडकुंडीला आला.

मला वाटलं, जिरवली चांगली. पण त्याच्या पुढच्या दिवशी बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. मी शेजारच्या वर्गात फळा पुसत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. "प्रकाश, काल मी तुला वाळीत टाकलं. शिक्षिका असून टाकलं. माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. आता तू काय करायचं ते तुला कळतं." प्रकाश उठला आणि सलीमच्या बाकावर जाऊन बसला. मग बाईंनी जे सांगितलं ते पुढे बरीच वर्षं आमच्या शाळेतली मुलं भांडताना एकमेकांना ऐकवायची. "दोघांनी कट्टी घेतली तर ते भांडण. खुशाल भांडा. पण तिसऱ्यानं येऊन चौथ्याला सांगितलं, तूही याच्याशी बोलू नकोस, की ते भांडण राहत नाही. त्याला वाळीत टाकणं म्हणतात."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना विचारलं, हा शब्द वाळण्यातलाच ना? फांदी तोडून टाकली की वाळते, तसं काहीतरी?

"अहो देशावरचे," बाई म्हणाल्या. मला त्या असंच म्हणायच्या. "वाळलेल्या बांगड्याला बाजारात गिऱ्हाईक असतं. वाळीत टाकलेल्याला कोण विचारतं?" मग वर्गातल्या आवाजात त्यांनी सांगितलं की जुन्या मराठीत वाळणं असं एक निराळं क्रियापद होतं, टाकणं, वगळणं या अर्थाचं. ते बोलण्यातून गेलं. "क्रियापद मेलं आणि हे पिल्लू मागे राहिलं. कसं जगलं सांगू? आम्ही त्याला खाऊपिऊ घातलं. शब्दकोशात ते ओळीभर आहे. आमच्या घरात माझं अख्खं बालपण होतं."

आणि चष्मा काढून त्यांनी ते बालपण सांगितलं.

बाईंच्या वडिलांनी आपल्या विधवा बहिणीला कलमांच्या बागेत हिस्सा लिहून दिला. गावकीला, म्हणजे देवळात बसून गावाचे निवाडे करणाऱ्या मानकऱ्यांना, ते पसंत पडलं नाही. आज हिला दिला तर उद्या सगळ्या बहिणी मागतील, हा त्यांचा हिशेब. वडील ऐकेनात, तेव्हा देवळात बसून ठरलं की पाष्ट्यांचं घर वाळीत. त्या दिवसापासून वाण्याकडचं मीठ संपायचं ते फक्त यांच्यापुरतं. लावणीला सगळे एकमेकांच्या शेतात उतरायचे, यांच्या शेतात कोणी पाय ठेवायचं नाही. विहिरीवर आईनं जायचं ते सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. देवी वर्षातून एकदा स्वतः आपल्या अंगणात येते, घरची बाई तिची ओटी भरते, घरासाठी गाऱ्हाणं घातलं जातं. मुंबईचा चाकरमानी त्या एका दिवसासाठी रजा काढून येतो. ती पालखी पाष्ट्यांचं दार टाळून पुढे जायची. देवीनं कोणाकडे जायचं तेही हीच चार टाळकी ठरवणार.

शेजारच्या शालीची आणि बाईंची मैत्री होती. दोघी शाळेला सड्यावरून चालत जायच्या, त्या उघड्या कातळावर करवंदं खात, गप्पा मारत. परत येताना गावाच्या हद्दीवर शेंदूर फासलेला एक दगड लागायचा. तिथे आलं की शाली म्हणायची, "हद्द आली गो," आणि झपाझप पुढे निघून जायची. बाई दगडापाशी थांबून राहायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाली त्याच दगडापलीकडे यांची वाट बघत उभी.

"शालीचा राग नाही येत मला," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा पोरीला हद्द शिकवणाऱ्यांचा येतो."

बाईंची आजी वारली तेव्हा खांदा द्यायला एक माणूस आला नाही. प्रेत सकाळपासून अंगणात. शेवटी वडील देवळात गेले, नारळ ठेवला, 'चुकलं' म्हणाले, बहिणीचा हिस्सा परत घेतला. मग दुपारी माणसं आली, आणि आली ती अगदी कळवळून रडत आली. त्यानंतर बाईंचे वडील आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. मला हे ऐकताना त्या रडणाऱ्यांची चीड आली होती, आज लिहितानाही तेवढीच येते.

निवृत्त झाल्यावर बाई गावी जाऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं, वडील गेलेले, घरी फक्त म्हातारी आई. राजापूरच्या अलीकडे एसटीतून उतरून आत चालत जावं लागतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांची अब्रू राखायची म्हणून नव्हे. एकाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटलो म्हणून निःश्वास टाकतील, आणि तो मला टाकू द्यायचा नाही.

आई डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, पण कान तिखट. तिचं वर्ष शिमग्यापासून शिमग्यापर्यंत चालायचं. "पालखी इतकी वर्सा दारावरना फुडं गेली," ती मला एकदा म्हणाली, "आता येते तर एकदाव चुकवायची नाय. येत्या शिमग्याची वटी माज्या हातान भरीन, मंग मेली तरी चालंल." ही तिची इच्छा बाईंना माहीत होती, मला माहीत होती, गावालाही माहीत होती.

आणि मग सुनीलच्या घरी बारसं निघालं. सुनील बाईंच्या वाडीतलाच, रिक्षा चालवणारा. त्यानं दुसऱ्या जातीतली मुलगी लग्न करून आणली, म्हणून गावकीनं त्याच्या घराशी व्यवहार बंद केलेले. बारशाला अख्ख्या गावातून एकच पाहुणी गेली, पाष्टे बाई. पाळण्याची गाणी त्यांनी एकटीनं म्हटली, आणि त्यांचा गळा किती भसाडा होता ते आम्हाला शाळेतल्या प्रार्थनेपासून ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप गटातून बाईंना काढून टाकलं. पूर्वी देवळात बैठक बसवावी लागायची. आता एक अंगठा पुरतो.

मी म्हटलं, कायदा झालाय बाई, तक्रार करा. बाईंनी केली. हवालदार आला, गावकीच्या प्रमुखाच्या, म्हणजे गावकारांच्या पडवीत बसून कोकम सरबत प्याला आणि बाईंना म्हणाला, "कोणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. लोक बोलत नाहीत, हा काय गुन्हा झाला?" आणि परत जाताना वाटेत चार घरी थांबून आंबापोळी घेऊन गेला.

शिमग्याच्या आधी मी बाईंकडे गेलो होतो, तेव्हा प्रकाश आला. आता तो गावाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन. बाईंच्या पाया पडला. अंगणातच उभा राहिला, ओटीवर चढला नाही, पाणी घेतलं नाही.

"बाई, वाळीत वगैरे काही नाही हां," तो म्हणाला. "आता कायदा आहे, आम्ही तो शब्द वापरतच नाही. फक्त संबंध ठेवायचे नाहीत, एवढंच ठरलंय."

बाईंनी चष्मा काढला. टेबल नव्हतं, हातातच धरला.

"शब्द वापर, प्रकाश."

"बाई, कशाला..."

"माझ्या वर्गात शिकलास. करता आहात त्याला मराठीत नाव आहे. माझ्या दारात उभा राहून एकदा स्पष्ट म्हण, बाई, तुम्हाला वाळीत टाकलंय."

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या तुळशीकडे. शब्द काही तोंडातून निघेना. जो शब्द गमतीत उच्चारला म्हणून बाईंनी पीटीच्या सरांना सगळ्यांसमोर मागे घ्यायला लावला, तोच आता त्या मागत होत्या, आणि हा लेकाचा द्यायला तयार नव्हता. करायची तयारी पूर्ण, म्हणायची मात्र लाज.

"आजींसाठी सांगतो," तो शेवटी म्हणाला. "देवळात या, नारळ ठेवा, चुकलं म्हणा. पालखी दारात आणायची जबाबदारी माझी. तुम्हीच नाही का माझी माफी मागितली होती, अख्ख्या वर्गासमोर? तेव्हा नाही तुम्हाला कमीपणा वाटला."

"तेव्हा माझं चुकलं होतं," बाई म्हणाल्या.

तो गेला. घरात आईनं सगळं ऐकलं असणार. मी बाईंना हळूच म्हटलं, त्यांना विचारून तरी बघा. बाईंनी चष्मा पदरानं पुसून पुसून मग पुन्हा लावला. त्या हट्टी होत्या, पण दगड नव्हत्या. आईच्या इच्छेवर आपण पाय देऊन उभ्या आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं.

पालखीच्या दिवशीही मी होतो. आईनं ऐकलेलं असूनही, देवी येईलच या आशेनं, नवं लुगडं नेसायचं म्हणून हट्ट धरला. बाईंनी नेसवलं, अंगण सारवलं, रांगोळी काढली. सुपात नारळ, तांदूळ, खण. आई अंगणात खुर्चीवर सूप मांडीवर घेऊन बसली. खालच्या वाटेनं ढोल जवळ येत गेले. पालखी नाचवणाऱ्या पोरांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. आणि नेमक्या आमच्या दारासमोर आल्यावर ढोल थांबले.

आईचा चेहरा उजळला. पालखी अंगणात टेकली की ढोल थांबतात, हे तिला लहानपणापासून माहीत. ती सूप सावरून उठायला लागली.

"आली काय गो?"

ढोल थांबवले होते ते आमच्या दारावरून गुपचूप निघून जायला. पोरं माना खाली घालून, पालखी खांद्यावर घट्ट धरून, चोरासारखी पुढे चालली होती. दोन घरं पुढे गेल्यावर ढोल पुन्हा वाजायला लागले.

"नाय आये," बाई म्हणाल्या. "आपल्याला वाळीत टाकलानी."

"परत?" आई म्हणाली.

ती हळूहळू खाली बसली. ढोल लांब जाईपर्यंत ऐकत राहिली. बाई खुर्चीचा दांडा धरून उभ्या होत्या, आईकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. मग आईच म्हणाली, "मंग ही वटी वाया कशाला घालवतंस? त्या सुनीलच्या बायकोला हाक मार. पोर घेऊन ये म्हनावं."

सुनीलची बायको आली. म्हातारीनं चाचपडत तिचा पदर शोधला आणि देवीसाठी काढलेली ओटी तिच्या पदरात घातली. गाऱ्हाणं घालायला गुरव नव्हता, तेही म्हातारीनंच घातलं. त्यात तिनं गावाचं भलं मागितलं नाही.

आंब्याच्या ऐन हंगामात म्हातारी गेली. सकाळी बाईंचा फोन आला. मी पीटीच्या सरांना कळवलं, सलीमला कळवलं. सलीमची आता स्वतःची बोट आहे. तोच आपल्या टेम्पोतून आम्हाला घेऊन आला. सुनीलनं बांबू तोडून ठेवले होते. वाडी जागी होती. बागेत कोणी गेलेलं नव्हतं, घराघरात माणसं होती, आणि सगळी दारं बंद. सुनील, सलीम, पीटीचे सर आणि मी, चौघांनी खांदा दिला. मडकं बाईंनी धरलं. बाईमाणसानं स्मशानात जायचं नाही, अशी गावाची रीत आहे. पण रीत सांगायला तरी कोणीतरी अंगणात यायला हवं ना.

पहिल्याच बंद दारासमोर बाई थांबल्या. आम्हीही थांबलो. मला वाटलं, दमल्या. बाईंनी मान वर केली आणि वर्गातल्या आवाजात घरमालकाचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. दाराकडे बघत राहिल्या. आतून कोणी बोललं नाही.

"गैरहजर," बाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

मग प्रत्येक दारात तसंच. खांदा अवघडला होता, ऊन चढलं होतं, पण आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून चला असा शब्द निघाला नाही. गावकारांच्या दारात नाव, थांबणं, गैरहजर. वाण्याच्या दारात तेच. प्रकाश सुट्टीला आलेला होता. त्याच्या घरातून टीव्ही ऐकू येत होता, नाव घेतल्याबरोबर तो बंद झाला. या नावाला काय उत्तर द्यायचं ते त्याला चांगलं पाठ होतं. माझ्या पुढे खांदा दिलेल्या सलीमनंही दाराकडे मान वळवली. खिडकीचा पडदा हलला, एवढंच. बाईंनी त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला.

"गैरहजर."

हद्दीच्या दगडाआधी शेवटचं घर शालीचं. तिला गावातच दिली होती. बाईंनी तिचं माहेरचं नाव घेतलं, शाळेत होतं तसं. दाराची कडी वाजली. दार उघडलं, आणि पांढऱ्या केसांची एक वाकलेली बाई उंबऱ्यात आली. तिचे ओठ हलले. तेवढ्यात आतून कोणीतरी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि दार लागलं.

बाई बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मडक्यातला धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता.

"हजर," त्याच म्हणाल्या.

सगळं उरकल्यावर आम्ही हद्दीच्या दगडाबाहेर ठेवलेल्या टेम्पोपाशी आलो. मी म्हटलं, "बाई, रत्नागिरीला चला. इथे कोणासाठी राहायचं आता?"

"आणि यांची हजेरी कोण घेणार?" बाई म्हणाल्या.

ओल्या लुगड्यानिशी त्या वळल्या आणि दगड ओलांडून गावात चालत्या झाल्या. सलीमनं टेम्पो चालू केला नाही. आम्ही ऐकत होतो. गावातून बाईंचा आवाज आला, पुन्हा पहिल्या घरापासून, पूर्ण नावानं.